मी कोणाचा बैल घेतला?

सलाम. तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही साताऱ्यात एका ट्रस्टच्या मुलांच्या वसतिगृहाचे अधीक्षक आहात. ६२ मुलं, ११ कर्मचारी. येऊन सव्वा वर्ष झालं. गेल्या पाच महिन्यांत स्वयंपाकाच्या दोन बाया आणि रात्रीचा वॉचमन काम सोडून गेले, आणि तिघांनीही कारण म्हणून 'घरची अडचण' एवढंच सांगितलं. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, लोक तुम्हाला नम्र म्हणतात. घरी तुमच्या पत्नी म्हणतात, "तुमचा आवाज बदललाय." तुम्ही रोज रात्री प्रार्थनेत स्वतःला तपासता, पण दिवसभरात मोठं पाप केल्याचं काही आठवत नाही. ख्रिस्ती माणसानं आपल्या साहेबपणाची तपासणी करायची म्हणजे नेमकं काय करायचं, हे तुम्ही विचारलंय.

मी थिऑलॉजी शिकलेली नाही. सांगली जिल्ह्यातल्या एका धर्मादाय रुग्णालयात ३१ वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची १२ मेट्रन, म्हणजे सगळ्या नर्सेसची प्रमुख म्हणून. २०२१ मध्ये निवृत्त झाले. हाताखाली नर्सेस, मावश्या, मामा धरून सव्वाशेच्या वर माणसं होती. वसतिगृह आणि दवाखाना यांत फार फरक नसतो. दोन्हीकडे रात्रपाळी, किल्ल्या, जेवण, चादरी आणि मस्टर. तेव्हा जे सांगते ते त्या अनुभवातून, आणि त्यातलं बरंचसं माझ्या चुकांमधून.

तुम्हाला रात्री काही सापडत नाही, कारण तुम्ही पाप शोधताय. खोटं बोललो का, पैसे खाल्ले का, कुणाला शिवी दिली का? नाही. मग आमेन म्हणून दिवा बंद. साहेबाच्या सवयी मात्र पापाच्या मापाच्या नसतात. त्या बारीक असतात, आणि त्यांचा त्रास आपल्याला होतच नाही, खालच्याला होतो. आपल्याला आठवणार कुठून?

मला याबाबतीत उपयोगी पडलं ते बायबलमधल्या शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातलं बारावं प्रकरण. शमुवेल म्हणजे इस्राएलाचा संदेष्टा आणि न्यायाधीश. म्हातारा शमुवेल कारभार नव्या राजाच्या हाती सोपवतो तेव्हा सगळ्या इस्राएलासमोर उभा राहून विचारतो: मी कोणाचा बैल घेतला? कोणाचं गाढव घेतलं? कोणाला लुबाडलं? कोणाच्या हातून लाच घेऊन डोळेझाक केली? सांगा, म्हणजे मी परत करतो. आपण निरोपसमारंभात काय विचारतो? 'माझ्याकडून कळत नकळत कुणी दुखावलं असेल तर माफ करा.' शमुवेल असलं काही म्हणत नाही. तो बैलाचं नाव घेतो. खटाव-माणच्या किंवा जतच्या माणसाला वेगळं सांगायला नको, बैल गेला म्हणजे हंगाम गेला. आणि तो हे देवासमोर तर विचारतोच, शिवाय ज्यांचे बैल होते त्यांच्यासमोर विचारतो.

पण याच माणसाची दुसरी बाजू चार पानं मागे आहे. आठव्या प्रकरणात त्यानं आपल्या दोन मुलांना, योएल आणि अबीयाला, बैरशेब्यात न्यायाधीश नेमलंय, आणि ते लाच खातात. वडीलधारे येऊन तोंडावर सांगतात की तुमचे मुलगे तुमच्या वाटेनं चालत नाहीत. आणि बाराव्या प्रकरणात, एवढ्या मोठ्या झडतीत, त्या मुलांबद्दल शमुवेल एवढंच म्हणतो की माझे मुलगे तुमच्यात आहेत. बस. लोक म्हणाले, तुम्ही आमचं काही घेतलं नाही. खरंच होतं ते. त्यानं स्वतः घेतलं नव्हतं. पण बैरशेब्यातल्या माणसाचा बैल कुणाच्या हातून गेला, हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही. हे वाचन माझं आहे, कुठल्या पाळकांचं नाही, त्यामुळे चुकलं तर मला बोल लावा.

माझे योएल-अबीया म्हणजे दोन इन्चार्ज सिस्टर. दोघी हुशार, कामाला वाघ, माझ्या शब्दाबाहेर न जाणाऱ्या. ड्यूटी लिस्ट त्या करायच्या, मी खाली सही ठोकायची. वर्षानुवर्षं. एकदा एका स्टाफ नर्सनं राजीनामा दिला, कारण तेच, 'घरची अडचण'. का कोण जाणे, त्या रात्री मी सहा महिन्यांच्या ड्यूटी लिस्ट घरी नेल्या आणि वही घेऊन मोजत बसले. जी गेली तिला सहा महिन्यांत ७१ नाइट. इन्चार्जच्या मर्जीतल्या एकीला ३८. दिवाळीला तर जी दोन वर्षं सलग रात्रपाळीला होती तीच तिसऱ्या वर्षीही. नाताळच्या आठवड्यात आम्हा ख्रिस्ती मुलींच्या सुट्ट्या मात्र व्यवस्थित, आणि त्या कोण भरून काढायचं? तीच. यातल्या प्रत्येक कागदावर माझी सही होती. बेचाळीस दिवसांची लिस्ट मी एका दमात, चहा पिता पिता सही केल्याचंही मला आठवलं.

म्हणून माझं पहिलं सांगणं असं की प्रार्थनेला बसताना डोळे मिटण्याआधी रजिस्टर उघडा. तुमच्याकडे मस्टर आहे, भटारखान्याचं रजिस्टर आहे, रजेचे अर्ज आहेत, मेमोंची फाइल आहे. सहा महिन्यांचं एकत्र काढा. रविवारी कोण कामाला असतं? कुणाचा रजेचा अर्ज एका दिवसात मंजूर होतो आणि कुणाचा आठवडाभर टेबलावर पडतो? मुलं कमी असतील त्या दिवशीही स्वयंपाकघरात तेवढीच पोती उतरतात का, की उरलेलं बायांनी घरी नेऊ नये म्हणून तुम्ही मोजून देता आणि शेवटी बायांनाच जेवण पुरत नाही? हे शेवटचं मी हवेतून बोलत नाही. वसतिगृहाच्या बाया नोकरी सोडतात ती पुष्कळदा पगारावरून नसते. स्वतः रांधलेलं स्वतःला मागून घ्यावं लागतं, त्यावरून असते.

आता एक सवय सांगते. सांगताना अजूनही लाज वाटते, पण ख्रिस्ती संस्थांमध्ये ही इतकी बोकाळलेली आहे की टाळता येत नाही. आमच्याकडे सकाळी आठच्या पाळीआधी दहा मिनिटं प्रार्थना असायची. मी चालवायचे. आणि मी प्रार्थनेतून लोकांना बोलायचे. "प्रभू, आमच्यातल्या काहींना वेळेचं मोल कळू दे." "प्रभू, ज्यांच्या जिभेला लगाम नाही त्यांना तू आवर." डोळे मिटलेले, आवाज मऊ, आणि खोलीतल्या चाळीस माणसांना पक्कं माहीत की ही प्रार्थना कुणाच्या नावची आहे. त्या माणसाला उलट उत्तर देता येत नाही. देवाशी चाललेलं बोलणं मध्येच कसं तोडणार? एका मावशीनंच मला एकदा जिन्यात गाठून सांगितलं, "बाई, तुमी मला शिव्या द्या, चालंल. पर माजं नाव काढून देवाला सांगू नका." मुसलमान बाई होती. रोज आमच्या प्रार्थनेला गुमान उभी राहायची.

मत्तयच्या अठराव्या प्रकरणात प्रभूनं रीत सांगून ठेवलीय: तुझ्या भावानं अपराध केला तर जा, तू आणि तो एकटे असताना त्याला दाखवून दे. आधी एकट्यात. नाही ऐकलं तर एकदोघांना घेऊन. मग मंडळीत. मी ही उतरंड उलटी करून बसले होते. पहिली पायरीच चाळीस जणांसमोर, वर तिला प्रार्थनेचं आवरण. त्यानंतर सकाळच्या प्रार्थनेत मी फक्त रुग्णांसाठी आणि स्वतःसाठी मागायचं ठरवलं. स्वतःसाठी मोठ्यानं मागणं फार अवघड गेलं. तुमच्या वसतिगृहात सायंप्रार्थना असेलच. तिथं तुम्ही मुलांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या देखत काय काय बोलता, ते एकदा आठवून बघा. पत्नींना ऐकू आलेला बदललेला आवाज कदाचित तोच असेल. माझा तोच होता. मऊ, पण त्या मऊपणात सुई.

पत्नींचा विषय निघालाच आहे तर थोडं विषयांतर. साताऱ्यात राहून वसतिगृह चालवणाऱ्याला कर्मवीर अण्णांची गोष्ट मी सांगायची गरज नाही. १९१९ मध्ये काल्याला रयत शिक्षण संस्थेची सुरुवात, १९२४ मध्ये ती साताऱ्यात आली, आणि बोर्डिंगातल्या पोरांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र दिलं. आपल्या मंडळीचं म्हणाल तर कवी रेव्हरंड ना. वा. टिळक. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यातच 'देवाचा दरबार' मांडला, दोन वर्षांत ते गेले. आयुष्यभर हातात येईल ते समोरच्याला देऊन टाकायची त्यांची रीत, आणि घरात पीठ आहे की नाही ही काळजी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची. दोघींचं नाव एकच हा योगायोग. दोन्ही माणसं माझ्या मापाच्या कितीतरी बाहेरची आहेत, त्यांना नावं ठेवायची माझी लायकी नाही. पण भाषणात आपण मंगळसूत्राची गोष्ट अभिमानानं सांगतो तेव्हा मला एक वाटतं. पुढाऱ्याच्या मोठेपणाची किंमत बहुतेक वेळा कुणीतरी दुसरं मोजत असतं, आणि ती व्यक्ती बोलते तेव्हा तिचं ऐकून घ्यावं. तुमच्या पत्नी बोलल्या आहेत. 'आवाज बदललाय म्हणजे कधी, कुणाशी बोलताना?' एवढं त्यांना विचारा आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा.

किल्ल्यांबद्दल थोडक्यात, कारण हे तुम्हाला माहीत असणार. निर्गमच्या अठराव्या प्रकरणात सासरा इथ्रो येतो आणि बघतो तर जावई मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्यायनिवाडे करतोय आणि लोक ताटकळत उभे. इथ्रो म्हणतो, अशानं तू झिजून जाशील आणि हे लोकही. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम. हा भाग सगळे वाचतात तो स्वतःची दया येऊन: बघा, मी किती करतो, मला मदतीला कुणी नाही. 'आणि हे लोकही' हे शब्द निसटतात. चादरींच्या कपाटाची किल्ली मी माझ्या कमरेला ठेवायचे, चोऱ्या होतात म्हणून. वडील वारले तेव्हा वाईला गेले, किल्ली कमरेलाच. दोन दिवस वॉर्डात एकही धुतलेली चादर निघाली नाही. सिझेरियनच्या बाईला घरून आणलेल्या साडीवर झोपवलं होतं. परत आल्यावर मी काय केलं असेल? 'मला फोन का नाही केला' म्हणून सिस्टरांनाच झापलं.

सेवेचंही तसंच. 'सेवक-नेतृत्व' हा शब्द आता कॉर्पोरेटमध्येही फार चालतो. तो रूढ केला रॉबर्ट ग्रीनलीफ नावाच्या अमेरिकन माणसानं, १९७० मधल्या एका निबंधातून, आणि तो टेलिफोन कंपनीत आयुष्य काढलेला माणूस होता. मूळ अर्थात त्याच्या खूप आधीचं. मार्कच्या दहाव्या प्रकरणात याकोब आणि योहान हे शिष्य प्रभूच्या उजवी-डावीकडची जागा मागतात, तेव्हा प्रभू म्हणतो की विदेश्यांचे अधिपती त्यांच्यावर सत्ता गाजवतात, तुमच्यात तसं नसावं, ज्याला मोठं व्हायचंय त्यानं सेवक व्हावं. पण आमच्यासारख्यांना सेवेचा एक वेगळा रोग जडतो. मी स्वतः बेडपॅन उचलायचे, स्वतः फरशी पुसायचे, आणि तेही अशा वेळी की चार जणी बघत असतील. त्या बिचाऱ्या ओशाळायच्या. ती सेवा नव्हती, तो मेमोच होता, फक्त कागदावर लिहिलेला नव्हता. योहानाच्या तेराव्या प्रकरणात प्रभू शिष्यांचे पाय धुतो ती गोष्ट आहे. तिथं पेत्र हा शिष्य म्हणतो, तुम्ही माझे पाय कधीही धुवायचे नाहीत. मी आयुष्यभर स्वतःला त्या गोष्टीत पाय धुणाऱ्याच्या जागी बघत आले. पेत्राच्या जागी स्वतःला ठेवून बघितलं ते फार उशिरा, एकदा पाठ धरली होती आणि एका ज्युनियर मुलीनं माझे बूट काढायला हात पुढे केला तेव्हा. मी तिच्यावर खेकसले होते.

आता रोजच्या तपासणीची पद्धत. मी प्रॉटेस्टंट घरातली. आमच्याकडे कबुलीजबाब, पाद्री, खिडकी असलं काही नाही. एका कॅथलिक सिस्टरनं मला ही रीत शिकवली, आणि ती जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांची, सोळाव्या शतकातली. दिवसाच्या शेवटी, आणि जमलं तर दुपारीही, पंधरा मिनिटं. आधी देवाचे उपकार माना, मग स्वतःला खरं दिसावं म्हणून प्रकाश मागा, मग दिवस तासातासानं आठवा, चुकलं त्याची क्षमा मागा, आणि उद्याचं ठरवा. यात क्रमाला अर्थ आहे. मी आधी थेट चुकांवर उडी मारायचे आणि दहा मिनिटांत स्वतःची वकिली सुरू व्हायची. उपकारांपासून सुरुवात केली की आज कुणाकुणामुळे माझं काम झालं ते आठवावं लागतं. मग त्यातल्या कुणाशी कसं बोललो, तेही त्याच्या मागोमाग येतंच.

तासातासानं म्हणजे खरोखर तासातासानं. 'आजचा दिवस कसा गेला' असं नाही. सकाळी सहा, भटारखाना, कोण होतं, मी पहिलं वाक्य काय बोललो. साडेसात, मुलांची आंघोळ, पाणी कमी पडलं, मी कुणाकडे बघून ओरडलो. बरोबरीच्या माणसाशी असंच बोललो असतो का? ट्रस्टींचा फोन आला तेव्हा आवाज कसा होता आणि फोन ठेवल्यावर समोर पहिला जो आला त्याच्याशी कसा होता? या दोन आवाजांमधलं अंतर मला तरी सगळ्यात जास्त शिकवून गेलं.

इग्नेशियस यांची आणखी एक बारीक रीत आहे. एका वेळी एकच खोड धरायची. ती घडली की तिथल्या तिथे, कुणाला कळणार नाही असा, छातीवर हात न्यायचा, आणि रात्री वहीत रेघेवर तेवढे ठिपके द्यायचे. आम्हा नर्सेसच्या छातीवर घड्याळ लावलेलं असतं, त्यामुळे माझी सोय झाली. लोकांना वाटायचं मॅडम वेळ बघतात. मी धरलेली पहिली खोड होती दुसऱ्याचं वाक्य मध्येच तोडणं. पहिल्या दिवशी १९ ठिपके. दुपारी दोनपर्यंतच. पुढचे ठिपके मी दिले नाहीत, कंटाळून. महिन्यानंतर ते पाच-सहावर आले आणि तिथेच राहिले; शून्यावर कधी आले नाहीत. पण लोक माझ्यापुढे वाक्य पूर्ण करायला लागले, आणि पूर्ण वाक्यांतून मला अशा गोष्टी कळल्या की त्या अर्ध्या वाक्यांत कधीच आल्या नव्हत्या. ऑक्सिजनचा एक सिलिंडर दोन महिने गळतोय, ही त्यातली एक.

फिरणं. तुम्ही राउंड घेता म्हणालात, रोज सकाळी दहाला. दहाला सगळं झाडलेलंच असणार. मत्तयच्या विसाव्या प्रकरणातला द्राक्षमळ्याचा दाखला घ्या. तासगाव-पलूसकडं ज्यांच्या बागा आहेत त्यांना तो चटकन कळतो, छाटणीच्या दिवसांत पहाटे चौकात डबा घेऊन उभी असलेली माणसं त्यांनी पाहिलेली असतात. सगळे प्रवचनकार त्यातल्या मजुरीवर बोलतात, की संध्याकाळी आलेल्या शेवटच्यालाही दिवसभर राबलेल्याइतकीच का. मला त्यात दुसरंच दिसतं. त्या मालकाकडे कारभारी होता. मजुरी वाटायला संध्याकाळी तो येतो. तरीही माणसं आणायला मालक स्वतः बाजारात जातो, आणि एकदा नाही, पाच वेळा. पहाटे, नऊला, बाराला, तीनला, आणि काम संपायला तासभर उरला असताना पाचला. संध्याकाळी पाच वाजता चौकात कोण उरलेलं असतं आणि का, हे त्यामुळे त्याला ठाऊक होतं. 'आम्हाला कुणी कामाला लावलं नाही' हे उत्तर कारभाऱ्याच्या अहवालात आलं नसतं. तुम्ही आठवड्यातून एकदा पहाटे साडेचारला भटारखान्यात जा आणि एकदा रात्री दोनला फाटकावर. पकडायला जाऊ नका, चहा घ्यायला जा. पहिल्या दोन वेळा लोकांना वाटेल पकडायलाच आलेत. तिसऱ्या वेळेपासून बोलतील.

विचारायचं कसं, हेही आहे. 'माझं काही चुकतंय का?' असं हाताखालच्या माणसाला विचारू नका. त्याचं उत्तर ठरलेलं असतं: नाही साहेब, तुम्ही चांगले आहात. त्यापेक्षा बैलाचा प्रश्न विचारा. 'गेल्या महिन्यात माझ्या कुठल्या निर्णयामुळे तुमचा दिवस गेला?' 'कुठली गोष्ट तुम्ही मला न विचारता करू शकला असता, पण मी किल्ली दिली नव्हती?' संत बेनेडिक्ट यांच्या सहाव्या शतकातल्या मठाच्या नियमावलीत आहे की महत्त्वाचं काही असलं तर मठाधिपतीनं सगळ्यांना बोलवावं, कारण पुष्कळदा प्रभू चांगलं ते सगळ्यात लहानाला सुचवतो. तुमच्याकडे सगळ्यात लहान म्हणजे पाचवीतला मुलगा. त्याला वॉचमनबद्दल विचारून बघा, तो का गेला हे त्याला नक्की माहीत असणार. त्याच नियमावलीत मठाधिपतीला आणखी एक सांगितलंय, की गंज खरवडायच्या नादात भांडं फोडू नकोस. मेमोच्या कागदावर सही करताना मी नंतर नंतर हे आठवायचे.

याचा अर्थ मेमो देऊच नये असा नाही. क्षमेच्या नावाखाली काणाडोळा करणं हीदेखील साहेबाचीच सवय, आणि तिचीही किंमत दुसराच मोजतो. औषधाच्या वेळा चुकवणाऱ्या नर्सला मी 'प्रभूनं सत्तर वेळा सात सांगितलंय' म्हणून तीनदा सोडलं, आणि तिचं काम शेजारच्या वॉर्डातली करत राहिली. तिनं मला विचारलं, क्षमा तुम्ही केली, मग डबल ड्यूटी मला का? याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता गेलेल्या तिघांबद्दल. मत्तयच्या पाचव्या प्रकरणात आहे की वेदीपुढे अर्पण आणलंस आणि तिथं आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जा, समेट कर. त्याच्या मनात, आपल्या नाही. म्हणजे आपलं मन स्वच्छ आहे हे कारण तिथं चालत नाही. त्या बायांच्या घरी जा. परत कामाला या असं सांगायला नाही, त्या हेतूनं गेलात की त्या खरं बोलणार नाहीत. जाताना कुणाला बरोबर नेऊ नका. आणि कृपा करून तिथं 'चला प्रार्थना करूया' म्हणू नका, त्यांनी स्वतः म्हटलं तर गोष्ट वेगळी. बसा, पाणी प्या, विचारा, ऐका. समर्थन करायची खूप इच्छा होईल. होऊ द्या, तोंड बंद ठेवा. पैशाचं काही निघालं, थकलेला ओव्हरटाइम, कापलेला पगार, तर ते लिहून घ्या आणि ठरलेल्या दिवशी द्या. बायबलमधल्या जक्कय या जकातदारानं तर फसवून घेतलेलं चौपट परत द्यायचं कबूल केलं होतं. तुम्हाला ट्रस्टकडून निम्मं मंजूर करून घ्यायलाही भांडावं लागेल, ते भांडा.

मी स्वतः अशी एकदा गेले होते ती सांगलीवाडीत. २०१९ चा ऑगस्ट. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, आणि त्या आठवड्यात कृष्णा ५७ फुटांवर गेली. रुग्णालय भरलेलं, निम्मा स्टाफ गायब, मी चार दिवस ऑफिसातच झोपत होते आणि त्याचा मला फार अभिमान वाटत होता. जे आले नाहीत त्यांच्या नावापुढे मस्टरवर मी लाल शाईनं काट मारत गेले. फोन लागत नव्हते. आठ-नऊ दिवसांनी लोक परत आले, आणि पगाराच्या दिवशी अकाउंट्सनं त्या लाल काटांप्रमाणे बिनपगारी लावली. कुणी काही बोललं नाही. सप्टेंबरात वॉर्डातल्या एका मामांनी, जे वीस वर्षांत एकदाही उशिरा आलेले नव्हते, बदलीचा अर्ज दिला. कारण, 'घरची अडचण'.

त्या रात्री वाचायला याकोबाचं पत्र होतं, पाचवं प्रकरण. तुम्ही अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे, असं तिथं आहे. मी पुस्तक मिटवून ठेवलं. दुसऱ्या दिवशी पूल ओलांडून त्यांच्या घरी गेले. भिंतीवर माझ्या डोक्याच्या वर पाण्याची रेघ, गाद्या बाहेर वाळत घातलेल्या, घरभर गाळाचा वास. त्यांच्या बायकोनं शेजारच्या घरातून कप आणून चहा दिला. मामांनी सांगितलं की पहिल्या दिवशी म्हातारीला खांद्यावर घेऊन ते निघाले, तेव्हाही युनिफॉर्म पिशवीत घेतला होता, वाटलं पुलापर्यंत पोचलो तर ड्यूटीला जाता येईल. मी सांगितलं की पगार परत मिळेल, मी लिहून देते. ते म्हणाले, "पगाराचं राहू द्या बाई. तेवढा लाल काट काढा. वीस वर्षांत माझ्या नावाफुडं एक न्हाई."

मस्टरवर पांढरी शाई लावायला परवानगी नसते. मी त्या सगळ्यांच्या नावांपुढे, एकेका काटाशेजारी, निळ्या शाईनं लिहिलं: 'पूर. हजर समजावे. नोंद चुकीची, चूक मेट्रनची.' आणि खाली तारखेसह सही केली. २७ सह्या झाल्या. अकाउंट्सच्या साहेबांनी विचारलं, एकच सही करून वरती कंस काढला असता तर चाललं नसतं का?